काळा पाषाण, ज्वालामुखी आणि रुसलेला पाऊस

मागच्या भागात आपण विहिरी आणि बोअर यांच्याबद्दल बोललो. त्यानंतर दिंद्रुड भागातल्या बचत गटांकडून दोन प्रश्न आले. पहिला असा, की आमच्या शिवारात कुठंही खणलं तरी थोड्या खोलीवर काळा पाषाण लागतो, तो आला कुठून? दुसरा प्रश्न काळजीचा होता. जमिनीतून गुडगुड आवाज येतात, खाली ज्वालामुखी आहे, तो कधीही फुटेल, असं मोबाईलवर फिरतंय. यात खरं किती? दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीशी येऊन मिळतात, म्हणून आज ज्वालामुखीबद्दल बोलू. तो आपल्या पायाखाली काय ठेवून गेला, आणि हजारो कोस दूरचा एखादा ज्वालामुखी आपल्या डोक्यावरच्या पावसाचं काय करतो, ते बघू.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. तुमच्या विहिरीतला तो काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हाच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि आतून वितळलेला, तांबडालाल खडक वर आला. तेव्हा माणूस नव्हता, आजचा सह्याद्री नव्हता, गोदावरीही नव्हती.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं टोकदार डोंगर आणि त्यातून उडणारी आग येते. आपल्याकडचा प्रकार वेगळा होता. गुऱ्हाळावर काहिलीतला पातळ पाक वाफ्यात ओतला की तो कसा पसरत जातो, तसा हा लाव्हा मैलोन् मैल पसरला. एक थर निवला की काही काळानं त्यावर दुसरा, मग तिसरा. असे थरावर थर लाखो वर्षं साचत गेले. आज हा काळा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा भाग. पश्चिमेला सह्याद्रीकडं थरांची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते, पूर्वेकडं ती कमी होत जाते. बालाघाटाचे डोंगर लांबून बघा. माथा सपाट आणि उतारावर पायऱ्या पायऱ्या दिसतात. त्यातली एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर. शास्त्रज्ञ याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्दही स्वीडनच्या भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आलाय.

आता विहिरीत उतरू. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठं मांजऱ्या, कुठं घट्ट काळा पाषाण आणि मध्येच कधी गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो. हे सगळं त्या लाव्ह्याचंच घर आहे. लाव्हा निवताना त्यातली हवा बुडबुड्यांनी वर येते आणि थराच्या वरच्या अंगाला अनारशासारखी जाळी पडते. पुढं या जाळीत पांढऱ्या, हिरवट गारा भरतात. विहीर खणताना त्या चमकतात आणि पोरं खेळायला घेऊन जातात. थराच्या पोटातला लाव्हा सावकाश निवतो, म्हणून तिथं घट्ट पाषाण होतो. एक थर पडल्यावर दुसरा पडेपर्यंत बराच काळ गेला असेल तर पहिल्याचा वरचा भाग ऊनपावसानं कुजून माती होतो, आणि पुढच्या लाव्ह्याच्या धगीनं विटेसारखा भाजतो. तोच तो तांबडा पट्टा.

हे समजून घ्यायचं कारण पाणी. घट्ट पाषाणात पाणी राहत नाही. ते राहतं मुरमात, जाळीत आणि भेगांत. म्हणून शेजारणीच्या बोअरला पाणी लागतं आणि पन्नास पावलांवर आपलं कोरडं जातं. नशिबाचा यात संबंध नसतो, भेग कुठून गेली याचा असतो. आणि म्हणूनच बोअर जितकं खोल न्याल तितकं पाणी लागेल, हा हिशेब आपल्या खडकात चालत नाही.

या खडकानं आपल्याला पुष्कळ दिलंयही. आपलं जातं, पाटा-वरवंटा, उखळ याच दगडाचे. अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी आणि वेरूळचं कैलास लेणं याच दगडात कोरलंय. सगळ्यांत मोठं देणं म्हणजे काळी माती. पाषाण झिजून झिजून ती झाली. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पोटात ओल धरून ठेवते. त्या ओलीवरच आपली शाळू ज्वारी वरचा पाऊस नसताना हिवाळ्यात उभी राहते. पण बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि वाहून जायला एक वळवाचा पाऊस पुरतो.

आता भीतीचा प्रश्न. आपल्या खालचा हा ज्वालामुखी कधीच विझलाय. तो पुन्हा फुटणार नाही. असं का, तर आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती लाखो वर्षं हळूहळू उत्तरेकडं सरकत आलीय. ज्या खोल आगीनं हा लाव्हा वर आणला ती मागं, हिंदी महासागरातच राहिली, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. मॉरिशसजवळ रियुनियन नावाचं बेट आहे, तिथला ज्वालामुखी आजही फुटतो. म्हणजे चूल तिथंच राहिली आणि तवा पुढं सरकला. आज भारताच्या हद्दीत जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट, आणि तिथं माणूस राहत नाही. बुलढाण्याचं लोणार सरोवरही ज्वालामुखीचं तोंड नाही. आकाशातून पडलेल्या उल्केनं आपल्या याच काळ्या खडकाला पडलेला तो खड्डा आहे.

मग आवाज कशाचे? बहुतेक वेळा ते अगदी छोट्या भूकंपांचे असतात. खडकावर खोलवर ताण येतो, तो सुटतो आणि गुडगुड ऐकू येते. भूकंपाला मात्र आपण गंभीरपणे घ्यायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते मराठवाडा विसरलेला नाही. तिथं माणसं लाव्ह्यानं गेली नाहीत, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या वजनाखाली गेली. म्हणून आवाज आला तर मोबाईलवरचे संदेश पुढं पाठवत बसू नका. फुगलेल्या भिंतीच्या, जुन्या माळवदाच्या घरातून बाहेर या आणि तलाठ्याला किंवा तहसीलला कळवा. आणि आवाज नसतानाही घराची ती भिंत एकदा बघून ठेवा.

आता दूरच्या ज्वालामुखीकडं वळू. डोंगर फुटतो तिकडं इंडोनेशियात, आणि पावसावर परिणाम इकडं, हे कसं?

लोकांना वाटतं राखेमुळं. पण राख जड असते. चुलीची राख उडाली तरी थोड्या वेळात खाली बसते, तशी ज्वालामुखीची बहुतेक राखही काही दिवसांत, आठवड्यांत खाली येते. खरं काम करतो गंधकाचा वायू. काडीपेटीची काडी ओढल्याबरोबर नाकाला जो झोंबरा वास लागतो, तो याच वायूचा. मोठ्या स्फोटात हा वायू ढगांच्याही वर, पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर फेकला जातो. तिथल्या ओलाव्याशी मिळून त्याचे आम्लाचे अतिबारीक थेंब होतात. ढग आणि पाऊस त्याच्या खाली असतात, म्हणून ते थेंब धुऊन निघत नाहीत. वर्ष-दोन वर्षं त्यांचा तलम पडदा पृथ्वीभोवती राहतो आणि थोडं ऊन तो परत पाठवतो. जमीन नेहमीइतकी तापत नाही.

आपला मोसमी पाऊस तर जमीन तापण्यावरच उभा आहे. चैत्र-वैशाखात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, वरची हवा हलकी होऊन उठते आणि तिच्या जागी समुद्रावरची ओली हवा आत ओढली जाते. चुलीत जाळ चांगला असला की धुराडं धूर ओढतं. जाळ मंद झाला की ओढ कमी होते. तसंच इथं होतं. ऊन कमी, ताप कमी, ओढ कमी, पाऊस कमी.

याचं मोजमाप झालंय. १५ जून १९९१ रोजी फिलिपाईन्समधला पिनाटुबो फुटला. त्यानं सुमारे दीड ते दोन कोटी टन गंधकवायू वर फेकला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशानं खाली आलं. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण अंगात अर्धा अंश ताप असला तरी शरीराला कळतं, तसं पावसालाही कळतं.

इतिहासातली दोन उदाहरणं सांगते. पहिलं आइसलँडचं. ८ जून १७८३ रोजी तिथल्या लाकी भागात जमिनीला लांब भेग पडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. आपल्याकडं झाला त्याच जातीचा हा प्रकार, फक्त फारच लहान. आपला लाव्हा पाच लाख चौरस किलोमीटरवर, तर लाकीचा सहाशेच्या आसपास. पण त्यातून सुमारे १२ कोटी टन गंधकवायू निघाला. गवत विषारी झालं, मेंढरं मेली, आणि त्या मागोमाग उपासमारीनं आइसलँडमधला पाचातला एक माणूस गेला. त्याच साली इजिप्तमध्ये नाईल नदीला पूर आला नाही आणि तिथंही दुष्काळ पडला. त्याच सुमाराला उत्तर हिंदुस्तानातही भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवत १८४० चालू होतं, म्हणून लोक त्याला ‘चालीसा’ म्हणायचे. लाकीनं मोसमी वारे दुबळे केले असं संगणकावर मांडलेल्या अभ्यासातून दिसतं. मात्र चालीसाचं सगळं खापर लाकीवर फोडता येत नाही. त्याआधीपासूनच पाऊस बिघडलेला होता.

दुसरं उदाहरण तांबोरा. इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरचा हा डोंगर १० एप्रिल १८१५ रोजी असा फुटला की त्याच्या माथ्याची सुमारे दीड किलोमीटर उंचीच उडून गेली. माणसानं लिहून ठेवलेल्या इतिहासातला हा सगळ्यांत मोठा स्फोट. पुढच्या वर्षी, १८१६ मध्ये, युरोप आणि अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनमध्ये बर्फ पडला. युरोपात पीक शेतात कुजलं, धान्याचे भाव भडकले, भाकरीसाठी दंगे झाले, आणि माणसं गाव सोडून निघाली. हे का होतंय, हे तेव्हा कुणालाच कळलं नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला फुटलेल्या डोंगराशी याचा संबंध आहे, हे शंभर वर्षांनी शास्त्रज्ञांनी जुळवून दाखवलं.

आपल्याकडंही त्या काळात पावसाचं गणित बिघडलं. १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरला पटकीची साथ उसळली. तिथून ती फौजांबरोबर, यात्रेकरूंबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर पसरली आणि १८१८ मध्ये पुणे-मुंबईपर्यंत पोचली. पेशवाई बुडाली तेच हे वर्ष. आधीच लढायांनी पिचलेल्या गावांवर ही साथ आली. गावाच्या शिवेवरची मरीआई आणि तिचा गाडा यांच्या आठवणींमागं पटकीच्या अशाच साथी आहेत. तांबोरानं पाऊस बिघडवला आणि त्यातून ही साथ वाढली, असं काही इतिहासकार मांडतात. ते सिद्ध झालेलं नाही. पण वेळ बघितली तर विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

या तांबोराच्या कथेतला एक भाग खास आपल्या गटांसाठी. जर्मनीत तेव्हा वुर्टेमबर्ग नावाचं राज्य होतं. तिथं १८१६ आणि १८१७ मध्ये फार उपासमार झाली. तिथली राणी कॅथरिना ही रशियाच्या बादशहाची बहीण. तिनं आधी गरिबांना अन्न आणि काम देण्याची व्यवस्था राज्यभर लावली. पण तिच्या एक लक्षात आलं. अन्न वाटून आजचा दिवस निघतो, पुढच्या दुष्काळाला मात्र माणूस पुन्हा तेवढाच उघडा पडतो. म्हणून १८१८ मध्ये तिनं बचत बँक काढली, घरगडी, मोलकरणी, मजूर यांनी थोडंथोडं टाकावं म्हणून. त्याच वर्षी तिथं शेतीचं शिक्षण देणारी शाळाही सुरू झाली, ती आज विद्यापीठ आहे. ज्वालामुखीनं आणलेल्या उपासमारीतून एका बाईनं बचतीची वाट काढली. आपण महिन्याला पन्नास-शंभर रुपये टाकतो, त्या वाटेला असे जुने मैलाचे दगड आहेत.

आता एक इशारा. हे ऐकून प्रत्येक दुष्काळाला ज्वालामुखी चिकटवू नका. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ, आपल्या आई-आजीनं खडी फोडत काढलेलं १९७२ साल, आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो दुष्काळ, या तिन्हींमागं ज्वालामुखी नव्हता. पॅसिफिक महासागराचं पाणी जास्त तापण्याचा जो प्रकार असतो, ज्याला एल निनो म्हणतात, त्याचा त्यात मोठा हात होता. आणि पाऊस कशानंही कमी झाला तरी त्याचा दुष्काळ किती मोठा होतो, हे धान्य कुणाच्या कोठारात आहे, मजुरी मिळते का आणि पाणी कुठं वळवलंय यावरही ठरतं.

दुसरी गैरसमजूत अशी, की जग तापतंय ते ज्वालामुखींच्या धुरामुळं. तसं नाही. हवा तापवणारा कार्बन वायू ज्वालामुखीतूनही निघतो, पण कोळसा आणि तेल जाळून माणूस त्याच्या कितीतरी पट जास्त सोडतो. गंधकाचा पडदा दोन-तीन वर्षांत विरतो, कार्बन वायू मात्र शेकडो वर्षं राहतो. आपला दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हाही गंधकानं आधी थंडी आणि कार्बननं नंतर उष्णता आली असावी. त्याच सुमाराला मेक्सिकोजवळ प्रचंड उल्का आदळली आणि डायनोसॉर संपले. मोठा वाटा उल्केचा होता असं बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, पण आपल्या लाव्ह्याचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्या प्राण्यांचे अवशेष सापडलेत.

याच पडद्यावरून आज जगात एक नवी चर्चा चालू आहे. काही शास्त्रज्ञ म्हणतात, विमानांनी मुद्दाम गंधक उंच फवारून पृथ्वी थोडी थंड ठेवता येईल का, ते तपासू. दुसरे म्हणतात, त्यानं मोसमी पाऊस बिघडला तर जबाबदार कोण? आपण कोरडवाहू पावसावर जगणाऱ्या बायका. हा प्रश्न आपल्याला लांबचा वाटेल, पण ज्या पडद्यानं नाईलचं पाणी आटवलं, तो मुद्दाम लावायचा की नाही हे ठरवताना आपलंही म्हणणं विचारलं गेलं पाहिजे. त्यासाठी निदान आपल्याला हा विषय माहीत हवा.

ज्वालामुखीपुढं माणूस अगदीच दुबळा असतो असंही नाही. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातला तोबा फुटला, तांबोराच्या कितीतरी पट मोठा. त्याची राख समुद्र ओलांडून भारतावर पडली. आंध्रातल्या ज्वालापुरम इथं त्या राखेच्या थराखाली माणसाची दगडी हत्यारं सापडली, आणि राखेच्या वरच्या थरातही सापडली. म्हणजे माणसं त्यातून तगली. आपल्या जुन्नर तालुक्यात बोरीला, कुकडी नदीच्या काठी, तोबाचीच राख आहे. ती त्याच स्फोटाची की त्याहून जुन्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण तीन हजार किलोमीटरवरून आलेली ती राख आजही हातात घेता येते.

मोठा ज्वालामुखी शतकात एखाद-दुसरा फुटतोच. तो कधी फुटेल ते आपल्या हातात नाही. पिनाटुबोच्या वेळी शास्त्रज्ञांनी आधी सावध केलं, म्हणून हजारो लोक वेळेत हलवता आले. तसंच, पुढचं वर्ष कमी पावसाचं निघेल असं धरून चालणं आपल्या हातात आहे. त्यासाठी तीन कामं गटाला जमण्यासारखी आहेत.

पहिलं, धान्य. सगळी ज्वारी सुगीतच विकून टाकू नका. गटातल्या प्रत्येकीनं पायलीभर टाकली तरी अडचणीतल्या घराला उसनं देण्याइतकी कणगी उभी राहते. नव्या सुगीत उसनं परत घ्यायचं आणि जुनी ज्वारी बदलायची. बियाण्याची थैली मात्र वेगळी ठेवायची, तिला हात लावायचा नाही.

दुसरं, पाणी. दिवाळी झाली की दोरीला दगड बांधून गावातल्या चार-पाच विहिरींचं पाणी मोजा आणि वहीत लिहा. दर महिन्याला मोजा. दोन वर्षांची वही झाली की मुरमात आणि जाळीत किती पाणी शिल्लक आहे, ते कुठवर पुरेल, याचा अंदाज येतो. मग ग्रामसभेत उन्हाळी पिकाबद्दल आणि नव्या बोअरबद्दल आकड्यांनिशी बोलता येतं.

तिसरं, माती. पाझर तलावातला गाळ आपल्याच शिवारात गेला पाहिजे. बांध फुटला असेल तर मृगाच्या आधी नीट करा. जी माती व्हायला शेकडो वर्षं लागली, ती एका पावसात ओढ्याला घालवायची नाही.

हा भाग ऐकून झाल्यावर गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एकच ठरवा: विहीर मोजायची दोरी कोण आणणार आणि वही कुणाकडं राहणार. पुढच्या भागात आपण त्या वहीतल्या नोंदी कशा वाचायच्या ते बघू. नमस्कार.